गुड लेंथवरची नागली

मागच्या वर्षी मी एका शिबिराला गेले होते. क्रिकेटची मैदानं राखणाऱ्या माणसांचं शिबिर. पहिल्याच दिवशी एक छापील कागद भरायला दिला, त्यात एक रकाना होता: 'या क्षेत्रात कसे आलात?' माझ्या डाव्या हाताला बसलेल्या गृहस्थांनी लिहिलं, विद्यापीठाच्या संघातून खेळत होतो, गुडघा गेला, मग इकडे वळलो. उजव्या हाताचे शेतकीचे पदवीधर, गवताचा अभ्यास करून आलेले. त्यांना तर रकाना पुरेना, ते कागदाच्या पाठीमागे लिहू लागले. मी बराच वेळ पेनचं टोपण चावलं आणि लिहिलं, 'वडिलांचा गुडघा गेला.'

शिबिर घेणाऱ्या बाईंनी चहाच्या सुट्टीत मला गाठलं. वडील कुठल्या संघाकडून खेळायचे, असं मोठ्या आदराने विचारलं. म्हटलं, बाई, आमच्या बाबाने जन्मात बॅट धरली नाही, तो शेतात खळी करायचा. त्यांनी मान हलवली, पण त्यांना काही कळलं नाही हे मला कळलं. म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकते.

आमचं गाव कासा आणि तलासरीच्या मधल्या डोंगराकडे. भात, नागली, थोडी वरई. भात कापून झालं की मळायला जागा लागते, ती म्हणजे खळं. शेताचा एक तुकडा निवडायचा, खरवडायचा, भिजवायचा, लाकडी चोपण्याने चोप चोप चोपायचा, वर शेणाचा हात फिरवायचा. चार दिवसांत जमीन अशी घट्ट होते की वर बैल फिरले तरी मातीचा कण दाण्यात येत नाही. म्हणजे यायला नको. बहुतेकांच्या खळ्यात येतो, मग वर्षभर भातात खडे लागतात आणि जेवताना नवरा-बायकोची भांडणं होतात. आमच्या बाबाच्या खळ्यात येत नसे. आजूबाजूच्या पाड्यांवरून लोक त्याला बोलवायला यायचे. त्याच्या तोंडामुळे लग्नाची बोलणी करायला कुणी त्याला नेत नसे, पण खळ्याला बाबाच पाहिजे.

खळं झालं की बाबा त्याची परीक्षा घ्यायचा. आधी टाच आपटायची आणि आवाज ऐकायचा. कच्चं खळं नुसतं थप करतं, पिकलेलं खळं बोलतं. मग मूठभर नागली टाकायची आणि फुंकर मारायची. नागलीचा, म्हणजे नाचणीचा, दाणा मोहरीएवढा. जमिनीला केसाएवढी भेग असली तरी तिच्यात जाऊन बसतो. फुंकरीने सगळे दाणे पळाले तर खळं पास. एक जरी अडकला तर बाबा पुन्हा चोपणं उचलायचा. आपल्या खळ्यात नागलीचा दाणा कधी राहिला नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. कासा-चारोटीच्या जीपमध्ये बसला की कुणीतरी विचारायचंच, "काय बाबा, यंदा खळी किती?" कुणी नाही विचारलं तर तो आपणहून सुरू करायचा.

आणि एक नियम होता. खळं म्हणजे अन्नाची जागा, तिथे पायात काही घालून जायचं नाही. हे आमच्याकडे सगळेच पाळतात. पण बाबाने त्यात स्वतःची भर घातली होती. दुसऱ्याने केलेल्या खळ्यावर तो मुद्दाम चपला घालून जायचा. कुणी हटकलं तर म्हणायचा, "खळं कुठे हाय? मला तर अंगण दिसतंय." अशाने त्याने पुष्कळ शत्रू करून ठेवले होते. सुगी आली की तेही मुकाट्याने बोलवायला यायचे.

त्याचा गुडघा गेला तेव्हा मी बारावी होऊन घरी बसले होते. बांधावरून घसरला, उजवा गुडघा सुजला, तो पुन्हा नीट वाकलाच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, उकिडवं बसायचं नाही. खळ्याचं काम तर सगळं उकिडवंच. आणि याने दोन घरांना आधीच शब्द देऊन ठेवलेला. त्याने ते आईला सांगितलं नाही, मला सांगितलं.

"तू ये माझ्याबरोबर," म्हणाला. "पाणी द्यायला."

पाणी द्यायला म्हणून गेले आणि चोपणं हातात आलं. लहानपणापासून त्याच्या मागे मागे फिरलेली मी, हात आपोआप चालायला लागला. प्रश्न होता लोकांचा. त्यावर बाबाने तोड काढली. ओल्या खळ्याला नजर लागते, असं त्याने जाहीर केलं. असलं काही आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं, पण तो इतक्या गंभीरपणे बोलला की लोकांना वाटलं आपल्यालाच माहीत नसेल. चार बांबू रोवले, आईच्या जुन्या साड्यांचा आडोसा केला. आत मी चोपायची आणि तो दगडावर बसून माझ्या प्रत्येक घावाबरोबर "हुं... हुं..." करायचा. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारा जीव काढतोय. मला दम लागून मी थांबले तरी याचं हुं चालूच. मग मी डोळे वटारायची आणि तो खोकला आल्यासारखं करायचा. अशा दोन सुग्या आम्ही काढल्या. लोक म्हणायचे, वय झालं तरी म्हाताऱ्याचा हात बघा, उलट सुधारलाय.

ते ऐकून मला गुदगुल्या व्हायच्या आणि रागही यायचा. आईला एकदा म्हटलंच, हे असं किती दिवस. आई भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"त्याच्याकडे दुसरं काय हाय? नाव तेवढं हाय," ती म्हणाली. "राहू दे."

मग मी पुन्हा चोपणं उचललं.

आमच्याकडे भात निघालं, शेतं मोकळी झाली की टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. माझा चुलत भाऊ कासा-चारोटी जीप चालवतो, तो गावच्या संघाचा कप्तान. त्या वर्षी त्याने डहाणूकडचे संघ बोलावले आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपलं पिच म्हणजे धसकटांचं रान आहे. चेंडूचा टप्पा इथे पडला तर पुढचा गुजरातेत. तो बाबाकडे आला.

"काका, पिच करून द्याल?"

"बैल किती फिरवायचेत?"

"बैल नाय काका. माणसं पळणार."

"मेढ कुठे रोवायची?"

मेढ म्हणजे खळ्याच्या मधोमध बैल बांधायला रोवतात तो खांब. भावाने स्टंप आणून दाखवले, तीन या टोकाला, तीन त्या टोकाला. बाबाने ते बोटाने मोजले.

"खळं एक आणि मेढी सहा," म्हणाला. "बैलांची जत्रा भरवताय काय?"

पण कबूल झाला. पुन्हा साड्या बांधल्या, मी चोपलं, तो कण्हला. एरवी खळं गोल असतं. हे आमच्या हातचं पहिलं लांबुडकं खळं, बावीस यार्डांचं, आणि शेण फिरवल्यावर ते इतकं देखणं दिसायला लागलं की आईने कडेने रांगोळी घातली. भावाने ती हळूच पायाने पुसली.

स्पर्धेच्या सकाळी बाबा काठी घेऊन पिचच्या कडेला बसला. डहाणूचा संघ आला, पायात चकचकीत बूट. पहिला फलंदाज आत पाऊल टाकणार तोच बाबाची काठी आडवी.

"खळं हाय. बूट काढा."

भाऊ समजवायला गेला. अंपायर गेले. गावचे दोन वडीलधारे गेले, पण तिथे पोचल्यावर ते बाबाच्याच बाजूने बोलायला लागले, कारण खळं ते खळं. शेवटी ठरलं, पिचवर सगळे अनवाणी. गोलंदाज लांबून धावत यायचा, पिचपाशी थांबायचा, बूट काढायचा, पुन्हा चार पावलं धावायचा आणि चेंडू टाकायचा. अंपायर बूट बगलेत धरून एका हाताने चौकार द्यायचे. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण बाद होऊन परतणाऱ्या फलंदाजाकडे बघूनच कुणीतरी केली असणार. त्या दिवशी मात्र एकानेही पिचला नावं ठेवली नाहीत. तक्रारीला त्यांच्याकडे बूट होते.

डहाणूच्या संघाबरोबर एक सर आले होते. चारोटीहून डहाणूकडे जाताना चिकूच्या वाडीला लागून एक नवं मैदान तयार होत होतं, तिथले ते प्रशिक्षक. जेवणाच्या सुट्टीत सगळे वाढून घ्यायला गेले, सर मात्र बूट काढून पिचवर उकिडवे बसले आणि तळहात फिरवत राहिले, म्हैस विकत घेताना तिच्या पाठीवरून फिरवतात तसा. मी तिथेच एक उखडलेली जागा लिंपत होते, कोपरापर्यंत शेण.

"हे कोणी केलं?" सरांनी विचारलं.

"मी," बाबा म्हणाला.

खोटं तरी कसं म्हणायचं? खळी त्याच्याच नावाची. पण मला वाटलं होतं, निदान एकदा माझ्याकडे बघेल. बघितलं नाही. मी शेणाचा गोळा जरा जोरातच आपटला.

सरांनी त्याला नमस्कार केला आणि बोलावणं दिलं. तीन आठवडे या, आमच्या मैदानाचं एक पिच करून द्या. मुंबईहून पिचांचे जाणकार येणार आहेत, ते आमचेही मोठे सर. त्यांच्यासमोर सामना होईल. त्यांना पिच पसंत पडलं तर पिच राखायला कायमचा माणूस नेमणार.

"मदतीला पोरगी येईल," बाबा म्हणाला. "पाणी द्यायला."

तेव्हा माझं काय चाललं होतं तेही सांगायला पाहिजे. गुजरातच्या हद्दीपलीकडे उंबरगावच्या कारखान्यांत आमच्या पाड्यातल्या पोरी जातात. माझ्या वाट्याला डब्यांना झाकणं लावायचं काम येणार होतं, ठेकेदाराने नाव लिहून घेतलं होतं. सामना शनिवारी, आणि त्यानंतरच्या सोमवारी मला कारखान्याच्या गाडीत बसायचं होतं. काम वाईट नाही, माझ्या मैत्रिणी करतात. पण मला झाकणं लावायची नव्हती. मला जमीन चोपायची होती. असली आवड कुणाला सांगायची? सांगितली असती तर लोकांनी देवऋषी बोलावला असता. मैदानावरची नोकरी मला पाहिजे होती, माझ्या नावाने पाहिजे होती, आणि ती मागायची म्हणजे बाबाचं नाव पुसायचं.

पहिल्याच दिवशी सरांनी अर्ज पुढे केला. नेमणुकीला वय पन्नासच्या आत पाहिजे होतं.

"काका, वय?"

बाबाने थोडा विचार केला. "अठ्ठेचाळीस."

सरांनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या काठीकडे बघितलं, आणि रकाना रिकामा ठेवला. सामन्यानंतर आधार कार्ड आणा म्हणाले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, आपला थोरला दादा बेचाळीसचा हाय."

"मग तो कमी करेल," बाबा म्हणाला.

मला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. आधार कार्ड दाखवलं की संपलं. नोकरी त्याला मिळणार नव्हती, आणि मला तर कुणी विचारलंच नव्हतं. हे त्यालाही कळत होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

काम सुरू झालं. माती काळी, चिकट, आमच्या लाल मातीपेक्षा हट्टी. शेण घालायचं नाही असं सरांनी आधीच बजावलं. नजर लागण्याचं मात्र त्यांना पटलं, म्हणजे जुन्या लोकांची काहीतरी गुप्त पद्धत असणार असं वाटलं, आणि त्यांनी साड्यांऐवजी हिरवी जाळी दिली. आत मी चोपायची, पाणी मारायची, रोलर ओढायची. रोलरने बाबाची पंचाईत केली. चोपण्याला घाव असतात, घावाला हुं करता येतं. रोलर नुसता जात राहतो, तिथे हुं कुठे करायचं ते त्याला कळेना, म्हणून तो सलग कण्हायला लागला. जाळीबाहेरून सर काळजीने म्हणाले, "काका, जरा विश्रांती घ्या."

वाडीचे शेठही कुंपणापाशी येऊन गुजरातीत विचारायचे, आ शूं चाले छे? बाबा आतून त्यांच्याच भाषेत ओरडायचा, नजर लागशे, शेठ. शेठ दचकून मागे व्हायचे आणि जाता जाता जाळीखालून दोन चिकू सरकवायचे. खाणार कोण, तर कण्हून दमलेला माणूस.

दुसऱ्या आठवड्यात माझा स्फोट झाला. हाताला फोड आले होते, आणि सर नुकतेच येऊन बाबाला सांगून गेले होते की काका, तुमच्या हातात जादू आहे. काका चिकू खात होते.

"नाव तुझं, हात माझे," मी म्हटलं. "आणि आधार कार्ड बघितल्यावर दोघंही घरी. तू चिकू खात बसशील, मी झाकणं लावत."

त्याने चिकूची बी तोंडातून काढली. "मग सांग जा त्यांना. म्हातारा दगडावर बसून कण्हतो, असं सांग."

"मी कशाला सांगू? तुला जीभ नाय?"

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, मी त्याच्याशी नाही. तो जाळीच्या आतही येईना. वाडीच्या कडेला चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचा, सरांनी दिलेली टोपी डोळ्यांवर ओढून. शेवटचे दिवस मी एकटीनेच काम केलं, आणि खरं सांगते, त्या कण्हण्याशिवाय मला चोपायला सुचत नव्हतं. शिव्या देत देत मी मनातल्या मनात स्वतःच हुं करायची.

सोमवारी, म्हणजे सामन्याच्या आदल्या सोमवारी, मी टाच आपटली आणि पिच बोललं. एवढा आनंद झाला की काय सांगू. पदराच्या गाठीत नागली होतीच. मूठभर टाकली, फुंकर मारली. दाणे पळाले. जवळजवळ सगळे. एका टोकाकडे, चेंडूचा टप्पा पडतो त्या जागी, थोडे अडकले. बाबा असता तर त्याने पुन्हा चोपायला लावलं असतं. पण बाबाशी मी बोलत नव्हते आणि सर हाका मारत होते. दिसले तेवढे दाणे बोटाने टिपले, हलकं पाणी मारलं, रोलर फिरवला आणि ताडपत्री घातली.

शुक्रवारी सकाळी ताडपत्री काढली तर गुड लेंथवर हिरवी रेघ.

ऊब, ओल आणि अंधार, नागलीला आणखी काय पाहिजे? उपटायला घेतली, पण कोंब मातीत असे घट्ट की ओढले तर माती वर येणार. निम्मे नखाने खुडले तोवर सर आलेच. ते वाकले, बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा. थोडं गवत ठेवलंय काकांनी. कुठलं आहे हे?"

"डोंगराकडचं, सर."

"नाव?"

"आमच्याकडे नुसतं... स्थानिक म्हणतात."

सरांनी मोबाईलवर फोटो काढला आणि तिथल्या तिथे मुंबईला मोठ्या सरांना पाठवून दिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर नागलीचं शेत डोलत होतं.

शनिवारी सामना झाला. मोठे सर आले. उंच, शांत, हनुवटीखाली दोरी बांधलेली टोपी. सकाळभर एका जागी बसून बघत होते. जेवणाची सुट्टी झाली तसे पिचवर आले, मागोमाग आमचे सर, त्यांच्यामागे बादली घेऊन मी. मोठ्या सरांनी खिशातून किल्ली काढून मातीत टोचून बघितली.

"बांधणी चांगली आहे," म्हणाले. "चेंडू एकसारखा उठतोय. ते फोटोतलं स्थानिक गवत कुठे?"

सरांनी अभिमानाने दाखवलं. सात-आठ कोंब सकाळभर चेंडूंचा मार खाऊनही उभे होते.

"जात कुठली?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी बादलीत बघितलं. "काकांनाच विचारू," सर म्हणाले आणि त्यांनी हाक मारली.

बाबा खुर्चीतून उठला, काठी टेकत निघाला. आठवडाभर तो पिचकडे फिरकला नव्हता. तो येईपर्यंत मला सगळा हिशेब दिसला: आता हा बघणार, हा सांगणार, सरांना कळणार की मी खोटं बोलले, आणि सोमवारची गाडी माझ्यासाठी दारात थांबणार. तो पिचच्या कडेला येऊन उभा राहिला. वाकता येत नव्हतं म्हणून काठीच्या टोकाने एक कोंब हलकेच वळवून बघितला.

"नागली हाय," म्हणाला.

"नागली म्हणजे?" मोठ्या सरांनी विचारलं.

"भाकरी करतो ती."

आमच्या सरांचा चेहरा मला आजही आठवतो. मी घाईघाईने सांगून टाकलं, परीक्षेला टाकतात, फुंकर मारतात, दाणा राहिला तर खळं कच्चं. मोठ्या सरांनी नीट ऐकून घेतलं आणि मग बाबाकडे वळले.

"म्हणजे तुमच्या हातून दाणे राहिले."

हे बाबाला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्या शत्रूंनीसुद्धा. मी तोंड उघडलं, चूक माझी आहे म्हणायला, तर त्याने काठी माझ्यापुढे आडवी केली, बूटवाल्यापुढे केली होती तशीच.

"माझ्या खळ्यात नागली राहत नाय," तो म्हणाला. "म्हणजे हे माझं नाय. पोरीचं हाय. गावचं पिचपण तिचंच होतं. ती चोपते, मी कण्हतो. दोन सुग्या झाल्या."

कण्हतो म्हणजे काय, ते सरांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हिरव्या जाळीकडे बघितलं.

बाबा पिचवर जायला वळला. दुसऱ्याच्या खळ्यावर तो कसा जातो ते मला ठाऊक होतं. आणि हे दुसऱ्याचं आहे हे त्यानेच आत्ता सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

त्याने काठी माझ्या हातात दिली. एका पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायाची चप्पल ढकलून काढली. तोल जातोय असं वाटलं म्हणून मी पुढे झाले, तर मला नको म्हणाला. मग दुसरी काढली. पायानेच दोन्ही सरळ लावल्या, कडेला, देवळाबाहेर लावतात तशा. अनवाणी पिचवर गेला, दुखऱ्या पायाची टाच आपटली आणि मान कलती करून ऐकलं.

"बोलतंय," म्हणाला. मला नाही, मोठ्या सरांना.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बादलीवर वाकून लपवलं. मोठ्या सरांनी आपल्या बुटांकडे बघितलं. नाड्यांचे होते, त्यामुळे काढायला वेळ लागला. तेही मोज्यांनिशी पिचवर गेले आणि त्यांनीही टाच आपटून बघितली. आमच्या सरांनी अर्ज काढला आणि मला विचारलं, "वय?"

"वीस."

"आधार कार्ड आहे ना?"

एका घरातून दोनदा फसायची त्यांची तयारी नव्हती.

सोमवारची गाडी माझ्याशिवाय गेली. गेली काही वर्षं मी पिचं राखते आहे. आता पाच आहेत, आणि माझ्या मैदानावर बूट चालतात. नागली मात्र मी अजून टाकते, आणि दाणे मोजून टाकते.

पण सांगायचं होतं ते त्या शनिवारच्या परतीचं. चारोटीला भावाची जीप उभी होती. आम्ही मागे दाटीवाटीने बसलो. बाबा माझ्याशी अजून सरळ बोलला नव्हता, नुसता खिडकीतून बाहेर बघत होता. समोर आमच्या शेजारच्या पाड्यावरचे दोघे बसले होते. दोघांच्याही खळ्यांवर बाबा एकेकाळी चपला घालून फिरून आलेला.

"काय बाबा," त्यातल्या एकाने विचारलं, "यंदा खळी किती?"

"एक पण नाय," बाबा म्हणाला. "पोरीच्या खळ्यावरनं येतोय."

"कसं हाय?"

बाबाने टोपी काढून मांडीवर ठेवली. "नागली राहिली होती तिच्या खळ्यात," म्हणाला. मी त्याला कोपर मारणार होते, तेवढ्यात तो पुढे बोलला. "पण चपला काढल्या मी."

समोरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. कासा आलं तेव्हा उतरताना त्यातल्या एकाने मला विचारलं, पुढच्या सुगीला आमच्याकडे कधी येशील?